चढणीचा बूट, उतरणीचा बूट

सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर कोल्हापुरी आणि फार तर कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाईने स्कीच्या बुटांवर लिहावं हे जरा अतीच आहे. पण गेल्या फेब्रुवारीत लेकीकडे इन्सब्रुकला होते तेव्हा घरात पंधरा दिवस दुसरा विषयच नव्हता. शिवाय लेकीच्या डाव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, त्यामुळे माझ्यासाठी तो नुसता खरेदीचा विषय नव्हता.

आधी थोडं समजावून सांगते (सवय जात नाही!). आपण सिनेमात बघतो त्या स्कीइंगमध्ये माणसं पाळण्यात बसून वर जातात आणि घसरत खाली येतात. हिचा प्रकार वेगळा. ही मंडळी डोंगर आपल्या पायांनी चढतात. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची. तिचे केस एका दिशेला झुकलेले असतात, मांजराच्या पाठीसारखे. पुढे सरकायला गुळगुळीत, मागे घसरायला अडवणारे. चढताना बुटाचा फक्त चवडा स्कीला जोडलेला, टाच मोकळी. माथ्यावर पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचं. चवडा दोन खिळ्यांमध्ये पकडण्याची ही युक्ती ऑस्ट्रियातल्याच फ्रिट्झ बार्थल यांनी 1980च्या दशकात काढली.

आता बुटाची पंचाईत बघा. चढताना त्याने चपलेसारखं वागावं, घोटा पुढेमागे मोकळा हलू द्यावा. उतरताना त्यानेच प्लास्टरसारखं घट्ट व्हावं, कारण नडगीने बूट पुढे दाबला की तो दाब स्कीपर्यंत जायला हवा. म्हणून मागे एक कळ असते. वर केली की चालायचा बूट, खाली केली की उतरायचा. एकाच नोकराला दोन मालक!

लेकीचे जुने बूट चार बकलांचे. नवे, दुकानातून दोन दिवस वापरून बघायला आणलेले, दोनच बंदांचे. मी दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. जुना एक 1420 ग्रॅम, नवा 1040. जाहिरातीत वजन बहुधा 27 नंबरचं देतात आणि हिचा नंबर साडेचोवीस (हा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी), म्हणून घरी मोजलेलं बरं. फरक 380 ग्रॅमचा. लेकीच्या घड्याळाने चढावर पाच हजारांच्या आसपास पावलं मोजली होती. गुणाकार केला तर एकोणीसशे किलो होतात! अर्थात स्की उचलत नाहीत, सरकवतात, तेव्हा तेवढा भार काही पडत नाही. पण जावई म्हणाले, "आई, पाठीवरचा किलो परवडतो, पायातला नाही."

परीक्षा मुटरर आल्मच्या उतारावर झाली. वरचं ठिकाण साधारण 1600 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास. मी केबलकारने गेले आणि वर सूप पीत घड्याळ लावून बसले. जुन्या बुटात तिला 78 मिनिटं लागली, दुसऱ्या दिवशी नव्यात 71. एकाच वाचनावर निष्कर्ष काढू नये हे मी तिला सांगितलं. बर्फ वेगळा, झोप वेगळी. पण मिनिटांपेक्षा मला तिचा चेहरा जास्त सांगत होता. पहिल्या दिवशी येऊन धपकन बसली होती, दुसऱ्या दिवशी आल्याआल्या बोलायला लागली.

उतरणीचं मात्र इतकं सरळ नाही. सकाळी यंत्राने सारखा केलेला बर्फ होता, त्यावर नवा बूट छान चालला. दुपारी उन्हाने बर्फ मऊ होऊन चाकोऱ्या पडल्या आणि सावलीत त्या पुन्हा गोठल्या. तिथे ती म्हणाली, "जुना बूट हळूहळू वाकतो आणि धक्का खातो. हा वाकत नाही, एकदम अडतो, आणि आतलं अस्तर पातळ, त्यामुळे धक्का थेट वर येतो." वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

बुटांच्या कडकपणाला आकडे देतात, 100, 120 असे. पण हे आकडे कंपनीगणिक वेगळे, सगळ्यांचं एक माप नाही. निरनिराळ्या शाळांचे टक्के ताडून बघण्यासारखंच ते.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: गुडघा चढताना मोडला नव्हता, उतरताना मोडला होता, तेव्हा बूट उतरणीचा घे. तिचं उत्तर असं, "आई, मी पडले ते शेवटच्या उतारावर, पाय थकले होते म्हणून. चढताना वाचलेली ताकद उतरताना कामाला येते." यावर मला पटकन बोलता येईना. मुद्दा खोटा नाही. पण थकवा कमी झाला म्हणून पातळ अस्तर जाड होत नाही, हेही खरंच ना?

शेवटी तिने हलके घेतले. अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं बसवून घेतलं. त्याआधी दुकानदाराने अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावला आणि टाचेमागे किती बोटं मावतात ते बघितलं. ही पद्धत मला फार आवडली. जुने बूट टाकायचे नाहीत, कडक बर्फाच्या दिवसांसाठी ठेवायचे, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं.

जाता जाता एक गंमत. असल्या बुटांसाठी पेबॅक्स नावाचं प्लास्टिक वापरतात, आणि त्याचा एक प्रकार एरंडेल तेलापासून बनतो. एरंड जगात सर्वांत जास्त पिकतो आपल्या देशात, त्यातही गुजरातेत. म्हणजे हे मी खरोखरच एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय!

असो. थंडी संपेपर्यंत ती दर शनिवारी खाली पोचली की फोन करायची. तिकडचे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडचे साडेसहा. पुढच्या थंडीतही तसंच ठरलंय.