वाढदिवसाचा फोन

पंधरावा वाढदिवस. आई म्हणाली, तुझ्यासाठी पाच डॉलर खर्चते, काय हवं ते सांग. मुलगा म्हणाला, वस्तू नको, न्यूयॉर्कला एक ट्रंककॉल लावू दे. तारीख २१ डिसेंबर १९५५. मुलगा अमेरिकेच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियात. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस पार पूर्वेच्या टोकाला, आणि दोघांची ओळखदेख नाही. त्या माणसाचं नाव एडगार वारेझ. फ्रान्समधून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला संगीतकार. दुसऱ्याच दिवशी त्यालाही बहात्तरावं वर्ष पुरं होणार होतं. फोन त्याच्या पत्नीने, लुईझबाईंनी घेतला. नवरा ब्रसेल्सला गेलेला. कोण कुठल्या पोराचा हा फोन, पण बाई नीट बोलल्या, थोड्या दिवसांनी पुन्हा कर म्हणाल्या. त्याने केला. मुलाची आणि वारेझची गाठ मात्र कधीच पडली नाही. १९५७ मध्ये वारेझचं एक पत्र आलं, ते मुलाने चौकटीत बसवून घेतलं. १९६५ मध्ये वारेझ गेला. पुढच्या वर्षी त्या मुलाची पहिली रेकॉर्ड निघाली, ‘फ्रीक आउट’, आणि तिच्या वेष्टनावर वारेझचं एक वाक्य छापलेलं होतं. मुलाचं नाव फ्रँक झाप्पा.

झाप्पाचा विषय निघाला की लोक त्याच्या मिशा सांगतात, मुलांची चमत्कारिक नावं सांगतात, चावट गाणी सांगतात. मला आधी हा फोन आठवतो. वाढदिवसाला सायकल मागावी, बूट मागावेत, अशा वयात एक मुलगा एका म्हाताऱ्याचा आवाज मागतो.

त्या म्हाताऱ्यापर्यंत तो पोचला तो एका निंदेमुळे. ‘लुक’ नावाच्या पाक्षिकात न्यूयॉर्कच्या सॅम गुडी या रेकॉर्डविक्रेत्याविषयी लेख आला होता. हा दुकानदार इतका पटाईत, की वारेझची रेकॉर्डसुद्धा खपवतो, असा सूर. म्हणजे ते संगीत किती वाईट असेल बघा! तेरा-चौदा वर्षांच्या झाप्पाने ते वाचलं आणि नेमकी तीच रेकॉर्ड शोधायला लागला. वर्षभराहून जास्त शोधली. शेवटी ला मेसा गावातल्या एका दुकानात सापडली, वेष्टनावर पिंजारलेल्या केसांचा एक माणूस. किंमत जवळपास सहा डॉलर, खिशात चारसुद्धा नाहीत. दुकानदार ती रेकॉर्ड आपली यंत्रं किती दणदणीत वाजतात हे गिऱ्हाइकांना दाखवायला वापरत असे. पोराचं तोंड बघून त्याने आहे त्या पैशांत देऊन टाकली. घरी बैठकीच्या खोलीत ती लागली तेव्हा आई इस्त्री करत होती. इथे पुन्हा हे वाजवायचं नाही, असं तिने बजावलं. मग रेकॉर्डप्लेअर मुलाच्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला.

त्या रेकॉर्डवर ‘आयोनिझासिओं’ ही रचना होती. १९२९ ते १९३१ या काळात लिहिलेली. तेरा वादक, जवळजवळ सगळे आघातवाद्यांचे. ढोल, ताशासारखी कडकडणारी वाद्यं, झांजा, घंटा, ऐरणी, आणि दोन भोंगे.

मी ती पहिल्यांदा ऐकली ती झाप्पामुळेच. माझं बालपण सोलापुरात गेलं. आजोबा गिरणीत साचेवाले. आमच्या घरात घड्याळ होतं, पण वेळ भोंगा सांगायचा. आजी भोंग्यावर चूल पेटवायची, भोंग्यावर डबा बांधायची. गिरणी बंद झाली तेव्हा आजी महिनाभर पहाटे उठून बसायची आणि काही ऐकू येत नाही म्हणून पुन्हा आडवी व्हायची. पुढे पुण्यात शिकत असताना एका रात्री कानाला हेडफोन लावून मी ‘आयोनिझासिओं’ लावली, आणि ताशांच्या कडकडाटामागून तो भोंगा हळूहळू चढत वर आला. मी दिवा लावला. आमच्या गल्लीतला, आमच्या आजीचा आवाज कुणीतरी उचलून, जिथे सूर ठेवतात तिथे ठेवला होता. त्याला सा नव्हता, पंचम नव्हता. तो नुसता चढायचा आणि उतरायचा, आणि बाकी सगळ्यांइतकाच मानाने.

झाप्पाला जन्मभर जे करायचं होतं ते मला त्या रात्री कळलं असं मी मानतो. आवाजांत जात पाळायची नाही. कुठला आवाज देवघरात आणि कुठला उंबऱ्याबाहेर हे आधी ठरवून ठेवायचं नाही. १९६३ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, दूरचित्रवाणीवर स्टीव्ह अ‍ॅलनच्या कार्यक्रमात तो सायकल घेऊन गेला. आऱ्या छेडल्या, त्यांवर गज फिरवला, हँडलच्या नळीत फुंकर मारली. प्रेक्षक हसले, निवेदक हसला. मुलगा सूट घालून, शिस्तीत वाजवत होता. ती फीत पाहताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याने थट्टा चालवलेली नाही. तो सायकलचं ऐकून घेतोय.

घर तसं साधंच होतं. जन्म बाल्टिमोरचा, १९४०. वडील सिसिलीहून आलेले, लष्कराच्या रासायनिक शस्त्रांच्या केंद्रात नोकरीला. जवळच विषारी वायूचे साठे, म्हणून घरात प्रत्येकासाठी गॅसचा मुखवटा टांगलेला. मुलगा दम्याने हैराण, कान दुखणारा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं, फिरत फिरत मोहावी वाळवंटातल्या लँकेस्टरला पोचलं. वारेझच्या एका रचनेचं नाव ‘डेझर्ट्स’, म्हणजे वाळवंटं, आहे हे समजलं तेव्हा त्या मुलाला वाटलं, जगातला सर्वांत थोर संगीतकार माझ्याच गावावर संगीत लिहितोय. संगीत लिहायला शिकण्यासाठी तो कुणाकडे गेला नाही. ग्रंथालयातली पुस्तकं, रेकॉर्डी, आणि शाई. एकलव्याने निदान गुरूला एकदा पाहिलं तरी होतं.

१९६५ मध्ये कुकामोंगा गावातल्या त्याच्या छोट्या स्टुडिओत एक गिऱ्हाईक आलं आणि शृंगारिक ध्वनिफीत करून मागू लागलं. तो साध्या वेशातला पोलीस होता. झाप्पाने दहा दिवस तुरुंगात काढले. वीस वर्षांनी, १९ सप्टेंबर १९८५ ला, गाण्यांच्या रेकॉर्डींवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावाव्यात या मागणीविरुद्ध तो अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सूट-टाय घालून बसला आणि बोलण्याच्या सुरुवातीला त्याने अमेरिकी राज्यघटनेतली भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती वाचून दाखवली. या दोन घटनांमध्ये मला एकच माणूस दिसतो. काय ऐकायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं त्याला सोसत नव्हतं.

मात्र मोकळेपणा म्हणजे ढिलेपणा असं जे रॉकच्या जगात मानलं गेलं, ते त्याने एक दिवसही मानलं नाही. नशा त्याने केली नाही आणि दौऱ्यावर वादकांना करू दिली नाही. सिगारेट आणि कॉफी, एवढंच. घराच्या तळघरातल्या स्टुडिओत तो रात्र रात्र काम करायचा. ‘द ब्लॅक पेज’ नावाची त्याची रचना आहे. कागदावर इतके स्वर दाटले की पान काळं दिसू लागलं, म्हणून ते नाव. टेरी बोझिओ या ड्रमवादकासाठी ती लिहिली होती. मात्रांच्या घड्या त्यात एकमेकींत घातलेल्या. आपल्याकडचा कुणी तबलजी ती ऐकेल तर त्याची बोटं मांडीवर चालू लागतील. एका फितीवर वाजवलेली गिटार उचलून दुसऱ्याच गाण्याच्या लयीवर ठेवायची, आणि दोन अनोळखी लयी एकमेकींशी काय बोलतात ते ऐकायचं, हीही त्याचीच रीत. १९७९ च्या ‘जोज गराज’ या अल्बमभर अशी कलमं आहेत. पण शेवटाकडचं ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’ हे गिटारवादन मुद्दाम नव्याने वाजवलेलं. नऊ मात्रांचं आवर्तन, संथ, एकाच वाक्याभोवती फिरणारं. कथेत संगीतावर बंदी आलेली आहे आणि नायक मनातल्या मनात आपली अखेरची गिटार वाजवतोय. ते ऐकल्यावर झाप्पाला हृदय नव्हतं असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला हे लावून देतो.

त्याची बरीच गाणी मला ऐकवत नाहीत, हेही इथेच सांगतो. बायकांविषयीची काही गाणी हीन आहेत. उपहास म्हणून त्यांची बाजू घेतली जाते, ती मला पटत नाही. १९६९ मध्ये त्याने आपला ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ हा वाद्यवृंद मोडला, तोही साथीदारांना न विचारता, एकदम. आवाजांत उच्चनीच न पाहणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत फार वेळा कठोर झाला.

१९७१ चा डिसेंबर त्याच्यावर कोसळलाच. ४ तारखेला स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो इथे त्याच्या कार्यक्रमात आग लागली, कॅसिनो जळून गेला आणि वाद्यंही जळाली. डीप पर्पल या वाद्यवृंदाचं त्या धुरावरचं गाणं जगभर माहीत आहे. सहा दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरात एका प्रेक्षकाने त्याला मंचावरून खाली वादकांच्या खड्ड्यात ढकललं. कित्येक महिने चाकाची खुर्ची. कंठाला मार बसून आवाज खाली उतरला, तो कायमचा. पुढच्या रेकॉर्डींवरचा तो जाड, सावकाश आवाज तिथून आलेला आहे.

आणि मग प्राग. चेकोस्लोव्हाकियात त्याच्या रेकॉर्डी चोरून फिरायच्या. तिथल्या ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या वाद्यवृंदाने आपलं नाव झाप्पाच्या गाण्यावरून घेतलं. १९७६ मध्ये त्यांची धरपकड झाली, खटला चालला, आणि त्या निमित्ताने जे लेखक-विचारवंत एकत्र आले त्यांतून ‘चार्टर ७७’ ही मानवी हक्कांची चळवळ उभी राहिली. त्यांतले एक नाटककार वाक्लाव हावेल, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी १९९० मध्ये झाप्पा प्रागला उतरला तेव्हा विमानतळावर गर्दी लोटली होती. पोलीस तरुणांना पकडत तेव्हा, तुमच्या अंगातलं झाप्पाचं संगीत आम्ही झोडपून काढू, असं म्हणत, हे त्याला तिथे सांगण्यात आलं. आईने बैठकीतून हाकललेला आवाज कुठवर गेला होता! जून १९९१ मध्ये सोव्हिएत सैन्य गेल्याच्या आनंदोत्सवात तो तिथे गिटार घेऊन उभा राहिला. तोवर त्याला प्रोस्टेटचा कर्करोग झालेला होता.

मूळ इच्छा मात्र अजून तशीच होती. वाद्यवृंदाने आपलं लिहिलेलं नीट वाजवावं. १९८३ मध्ये स्वतःचे पैसे घालून त्याने लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून ते वाजवून घेतलं, केंट नागानो संचालक, पण सरावाला वेळ पुरला नाही, आणि चुका ऐकून तो खंतावला. पुढच्या वर्षी पिएर बुलेझने त्याच्या रचना संचालित केल्या. तरी समाधान नाही. मग तो सिंक्लाव्हियर या संगणकी वाद्याकडे वळला, जे लिहिलंय तेच वाजवतं, थकत नाही, चुकत नाही. त्यावरच्या ‘जॅझ फ्रॉम हेल’ला ग्रॅमी मिळालं. मला ती रेकॉर्ड कोरडी वाटते. सगळं बरोबर, आणि खोलीत कुणीच नाही.

शेवटी माणसंच आली. जर्मनीच्या ‘आन्सांब्ल मोडेर्न’चे वादक १९९१ मध्ये त्याच्याकडे लॉस एंजेलिसला आले, त्याच्यासोबत बसले, त्याला हवे ते आवाज आपल्या वाद्यांतून काढून दाखवू लागले. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रँकफर्टला ‘द यलो शार्क’ हा कार्यक्रम झाला. झाप्पा इतका थकला होता की सगळ्या प्रयोगांना हजर राहू शकला नाही. जिथे होता तिथे काही रचना त्याने स्वतः संचालित केल्या. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. त्या फितीवरचे वादक ऐका, आनंदाने वाजवतायत.

रेकॉर्ड नोव्हेंबर १९९३ मध्ये निघाली. ४ डिसेंबरला, लॉस एंजेलिसच्या राहत्या घरी, तो गेला. अजून सतरा दिवसांनी त्याचा त्रेपन्नावा वाढदिवस होता.