पुरानंतरचा हौदा

तालमीतील हौदा, म्हणजे कुस्तीच्या सरावासाठी तांबड्या मातीने भरलेली उथळ चौकोनी जागा, सार्वजनिक क्रीडासाधनांमध्ये सर्वांत साधा दिसतो. पुरानंतर पूर्ववत करण्यास मात्र त्याच्याइतके अवघड दुसरे काही नसते. उद्यानातील घसरगुंडी धुऊन रंगवता येते, खुल्या व्यायामशाळेतील यंत्रांच्या बेअरिंगमध्ये शिरलेला गाळ काढून नवे ग्रीस भरता येते, आणि पाणी प्यालेली गादी फेकून दुसरी विकत आणता येते. मुरलेली माती विकत मिळत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत नदीने ५५ फूट ओलांडल्यामुळे, नदीकाठच्या वस्तीत हौद्याचे काय करावे हा प्रश्न दोन वर्षांच्या आत दोनदा उभा राहिला.

या प्रश्नाच्या मुळाशी दोन मातींचे वैर आहे. हौद्यातील माती जांभ्या खडकाची झीज होऊन बनलेली, लोहामुळे तांबडी झालेली असते. तिच्यातील चिकणकण पाण्याने फारसे फुगत नाहीत, त्यामुळे ती ओलसर असताना पायाला पकड देते आणि पैलवान पाठीवर आदळला की भुसभुशीतपणे दबते. पुराबरोबर येणारा गाळ बहुतांशी काळ्या रानाचा असतो. त्यात मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे आणि वाळताना आक्रसणारे चिकणखनिज विपुल असल्याने, असा गाळ तांबड्या मातीत मिसळला की हौदा ओला असताना राड होतो आणि सुकल्यावर ढेकळांचा बनतो. उसाच्या फडाला मानवणारा हा गाळ खांदा निखळवण्यास पुरेसा असतो.

म्हणून पाणी ओसरल्यावरचे पहिले काम म्हणजे हौद्यात कोणालाही उतरू न देणे होय, आणि तेच सर्वांत कठीण असते, कारण त्या दिवसांत मदतीला आलेल्या तरुणांचा उत्साह अनावर असतो आणि हातात फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला थांबण्यास सांगणे उद्धटपणाचे वाटते. परंतु ओल्या गाळात दहा जण तासभर वावरले की काळे-तांबडे एक होऊन जाते, आणि मग निवडण्यासारखे काही उरत नाही. दारे-खिडक्या सताड उघडून वारा खेळू दिला, तर गाळ त्याच्याच दुर्गुणामुळे सुटा होतो: आक्रसताना त्याला भेगा पडतात, कडा वर वळतात आणि खपल्या खालच्या तांबड्या थरापासून वेगळ्या उचलता येतात. त्या पूर्ण कडक होण्याआधी, हाताला थंड लागत असतानाच काढाव्यात. अगदी वाळल्यावर त्यांचा भुगा होऊन तो पुन्हा खाली झिरपतो.

गाळ निघाला म्हणजे माती वाचली, असे मात्र नव्हे. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते आणि पैलवानांचे कान, गुडघे व कोपरे नेहमीच खरचटलेले असतात. लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू अशाच जखमांतून शरीरात शिरतात. हे जंतू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतात, पण कोरडेपणा त्यांना सोसत नाही, त्यामुळे माती उपसून, पातळ पसरून, वरचेवर परतत वाळवणे हेच मुख्य निर्जंतुकीकरण ठरते. ब्लीचिंग पावडर फरशीला आणि भिंतींना योग्य आहे. तेल-ताकाने मुरलेल्या मातीत तिचा क्लोरीन त्या सेंद्रिय द्रव्यांवरच खर्ची पडतो, आणि चुना अधिक झाला तर कातडी सोलवटते. धनुर्वाताचे बीजाणू वाळवण्याने मरत नाहीत. त्यावर उपाय मातीत नसून लसीत आहे. काचा, खिळे आणि तारा यांसाठी सारी माती बारीक चाळणीतून काढावी लागते. जेथे मैलापाणी कित्येक दिवस तुंबून राहिले असेल, तेथे जुन्या मातीचा मोह सोडून ती सगळी टाकून द्यावी हेच बरे, मग ती कितीही पिढ्यांच्या घामाने भिजलेली असो.

हा निर्णय वस्तादांना जड जातो, आणि तो केवळ भावनेमुळे नव्हे. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, कडुनिंबाचा पाला, कुठे दूध-तूप, अशी द्रव्ये तालमीच्या ऐपतीप्रमाणे वर्षानुवर्षे घातली जातात; त्यांपैकी तेलामुळे धूळ बसते आणि ओल टिकते, हळद-निंबाचा जंतुनाशक गुण किती उपयोगी पडतो हा वादाचा विषय आहे, परंतु रोज पहाटे हौदा उकरण्याने आणि पायांखाली रगडले जाण्याने कण जसे बारीक होतात, तसे ते कोणत्याही यंत्राने होत नाहीत. इशारा पातळीची बातमी येताच चार पोती माती माळ्यावर चढवलेली असेल, तर ती पुढे नव्या मातीत विरजणासारखी घालता येते. तिने सारी माती लगेच सुधारते असे नाही. नव्या हौद्याला पैलवान आपला म्हणतात, हा तिचा खरा उपयोग.

मल्लखांबाचे दुखणे वेगळे असते. पुरलेला सागवानी खांब वरून एरंडेल चोळलेला असल्याने बरा दिसतो, पण जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे तो कुजू लागतो. म्हणून बुंध्याची माती उकरून टोच्याने लाकूड तपासल्याशिवाय त्यावर मुलांना चढवू नये.

श्रावणात पाऊस थांबत नाही आणि छपराखाली ऊन येत नाही, त्यामुळे वाळवणीचे खरे काम आश्विनातील उन्हापर्यंत लांबते. गावोगावच्या जत्रांची मैदाने समोर दिसत असल्याने पैलवान तोवर घायकुतीला येतात. ही सक्तीची सुट्टी हौद्याच्या तळासाठी वापरावी: एरवी भरलेला हौदा कोणी मोकळा करत नाही, म्हणून मुरमाचा निचरा देणारा थर, एका कोपऱ्याकडे उतार आणि बाहेर काढलेली मोरी ही कामे याच काळात उरकतात. त्यानंतर माती भरताना ओल मुठीने पाहिली जाते. दाबलेला गोळा मुठीत टिकावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडला की फुटावा. न फुटणाऱ्या गोळ्यात गाळ उरलेला असतो किंवा पाणी जास्त झालेले असते, आणि दोन्ही बाबतींत त्या दिवशी जोर-बैठकांवरच भागवावे लागते.