दाभण

अंगाने हा वीतभरही नसतो. पोलादाचा देह, एका टोकाला सुतळी मावेल एवढं ऐसपैस नेढं, दुसऱ्या टोकाला चपटं, किंचित वर वळलेलं पातं. सुईच्या घराण्यातला हा राकट थोरला भाऊ. सुई डबीत राहते, तिला कोणी हरवू देत नाही. हा अडत्याच्या दुकानात बारदान्याच्या ढिगावर खोचलेला असतो, नाहीतर हमालाच्या टोपीत. अकोला-अमरावतीच्या बाजारात तूर, हरभरा, सोयाबीन मोजून झालं की याची हाक येते.

त्याच्या टोकाचा बाक उगीच नाही. गच्च भरलेल्या पोत्याच्या आत हात घालता येत नाही. म्हणून त्याला एकाच बाजूने आत शिरून त्याच बाजूने वर यावं लागतं. तोंड शिवता शिवता पोत्याच्या दोन्ही कोपऱ्यांना कान काढायचे, म्हणजे उचलायला पकड मिळते. जाणत्या हमालाच्या हातात हे सगळं बघता बघता होतं. शिकाऊ पोरगा मात्र बोटांनी जोर लावतो आणि बोटं सोलून घेतो. मग शेजारचा म्हातारा सांगतो, "बोटानं नको लोटू बाप्पा, तयहातानं लोट! अन् सुतयी सारखी वढ. एक टाका ढिला राह्यला का बाकीच्यायवर भार येते."

शीड शिवायला शिकणाऱ्यालाही पहिला धडा हाच मिळतो. वऱ्हाडापासून शेकडो किलोमीटर दूर, अरबी समुद्राच्या काठी, दाभणाचा सख्खा भाऊ शिडं शिवण्याचं काम करतो. फक्त त्याची अंगकाठी वेगळी. तो सरळ असतो. नेढ्याकडे गोल आणि टोकाकडे तीन धारांचा. ही तिधारी रचना विणीतले धागे बाजूला सारत वाट काढते. म्हणून जुने कारागीर सांगतात, दोरा जाईल एवढाच बारीक दाभण घ्या; जाड घेतला तर प्रत्येक टाक्यागणिक कापडाला एक जखम होते, आणि अशा जखमांच्या रांगेवरूनच शीड पुढे फाटत जातं. त्याला लोटायला तळहातावर चामड्याचा पट्टा चढवतात. अंगठ्याच्या मुळाशी त्यात खड्डेदार धातूची टिकली बसवलेली असते. नेढं त्या खड्ड्यात टेकवायचं आणि खांद्यापासून जोर द्यायचा.

दोरा दुहेरी घेऊन त्याला मेण चोळतात. मेणाने पेड एकत्र राहतात, पाणी कमी शिरतं आणि ओढलेला टाका मागे सरकत नाही. फाटलेल्या चिरेवर शिवण घालायची रीत मला फार देखणी वाटते. एका काठाखालून वर यायचं, दुसऱ्या काठात खाली जायचं आणि मग आपल्याच दोऱ्याला वळसा देऊन पुढचा टाका घ्यायचा. त्या वळशामुळे दोन्ही काठ एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी जुळून बसतात. ओढ जास्त झाली तर चुण्या पडतात, कमी झाली तर फट राहते. वाऱ्याला दोन्ही लगेच कळतं.

याची सगळी जवानी कापसात गेली. शतकानुशतकं आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्यांची आणि गलबतांची शिडं जाड सुती कापडाची होती. परबाणाला, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीला, बांधून ती डोलकाठीवर चढवत. युरोपात जवसाच्या धाग्याचं कापड मानाचं होतं. १८५१ मध्ये 'अमेरिका' नावाची नौका सुती शिडं लावून इंग्लंडला गेली आणि तिथल्या शर्यतीत पहिली आली, तेव्हा कापसाची किंमत त्यांनाही कळली. पुढच्या दोन दशकांत आपल्या मुलखाचा कापूसही 'उमरा' या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात बोलला जाऊ लागला. ते नाव उमरावतीचं, म्हणजे आपल्या अमरावतीचं. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली, ती कापसासाठीच.

सुती कापडाचं आणि दाभणाचं छान जमायचं. कापड मऊ, त्यामुळे दोरा त्यात रुतून सुरक्षित राहायचा. १९५० नंतर पॉलिस्टरची शिडं आली. ती कुजत नाहीत, ओली गुंडाळली तर बुरशीने खलास होत नाहीत. पण कापड इतकं कडक की दोरा वरच राहतो, दोरखंडाला आणि तारेला घासतो, उन्हात जळतो. कापड धडधाकट असताना शिवण आधी उसवते. म्हणजे नव्या जमान्यानेही याला सुट्टी दिलेली नाही. लांबच्या सफरीवर फाटलेल्या शिडाला आधी चिकटपट्टी लावतात. तीही मीठ गोड्या पाण्याने धुऊन, कापड कोरडं करूनच, नाहीतर चिकटत नाही. पण जिथे खरा ताण येतो, त्या कोपऱ्यांवर शेवटी हाताचेच टाके पडतात. तिथे कापडाचे इतके थर असतात की साध्या मशीनची सुई मोडते.

एक गोष्ट मात्र याच्या हातात नाही. शीड सपाट नसतं, त्याला पोट असतं. शिडाच्या कापडी पट्ट्यांचे काठ आधी हलक्या कमानीत कापून जोडतात, तेव्हा ते पोट तयार होतं. ती कमान कापणाऱ्याच्या डोळ्यात असते. हा फक्त तिला इमानाने धरून ठेवतो. मला याचा हा स्वभाव फार आवडतो.

शिवणकामाचा मान आपल्याकडे अलीकडे पुन्हा दिसला. २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालेल्या 'कौंडिण्य' या जहाजाच्या फळ्याच काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. बांधणी गोव्यात झाली, शिवणारे हात केरळच्या कारागिरांचे. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज पुढे ठेवून ते उभं केलं. अजिंठा तर आपल्या वऱ्हाडाला लागूनच आहे.

बाजारात आता पोती शिवायला हातात धरायची मशीन आली आहे, आणि हमालाची पाठ-बोटं वाचणार असतील तर ती यायलाच हवी. पण हाताने जाड कापड शिवण्याची विद्या तिच्याबरोबर जाऊ देऊ नये. वऱ्हाडात समुद्र नसला तरी पावसात शेतमालावर टाकायची कॅनव्हासची ताडपत्री फाटतेच. ती फेकू नका. बाजारातून एक दाभण, थोडी सुतळी आणि मेणाचा खडा आणा. एखाद्या जुन्या हमालाला मानाने घरी बोलवा, चहा द्या, आणि आपल्या पोरा-पोरींना त्याच्या शेजारी बसवा. पहिली चीर एका दुपारी शिवून होते.