बिडाचे खांब

टेलफर्डला आमच्या पंपाच्या कास्टिंगमधल्या ब्लो होलवरून दोन दिवस बैठका चालल्या होत्या. कुठला लॉट परत घ्यायचा, साच्यात वायू कुठे अडकतो, वाळूत ओल किती राहते. शुक्रवारी दुपारी एकदाचं मिटलं. निघताना तिथले वयस्कर तपासनीस सहज म्हणाले, "सगळं आयुष्य बिडात घालवलंत आणि श्रूजबरीची गिरणी न बघता परत जाणार?" विमान रविवारचं होतं. मी बॅग उचलली आणि स्टेशन गाठलं.

त्यांना माहीत नव्हतं, पण ते नेमक्या माणसाशी बोलत होते. कोल्हापूरजवळ शिरोलीत वडिलांची फाउंड्री होती. शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसायचो तेव्हा आमचे जुने मिस्त्री सांगायचे, "बिडाला कितीबी दाब, सोसंल. ताणलंस की मोडलं." ओतीव लोखंडाचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे. हेच शास्त्र सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर गणित करून इमारतीत उतरवलं, आणि ती इमारत गाडीनं वीसेक मिनिटांवर उभी होती.

श्रूजबरी देखणं आहे. सेव्हर्न नदीनं गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय. पंधराव्या-सोळाव्या शतकातली काळ्या लाकडी चौकटींची घरं रस्त्यावर झुकलेली आहेत आणि त्यांच्यामधून बोळ जातात. या बोळांना इथे 'शट' म्हणतात. डार्विन इथला, त्याचा पुतळा त्याच्या जुन्या शाळेसमोर आहे. ते सगळं मी चालता चालता पाहिलं. थांबलो तो चौकात, 1596 च्या बाजारघरापुढे. तिथे रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. तो या गावाचा खासदार होता. प्लासीसाठी जग त्याला ओळखतं. मला आठवला तो फेब्रुवारी 1756 चा विजयदुर्ग. समुद्रातून वॉटसनचं आरमार, जमिनीवर क्लाइव्हची फौज, आणि बंदरात जळणारी तुळाजी आंग्र्यांची जहाजं. इंग्रजांना या मोहिमेत सोबत घेतलं होतं आपल्याच नानासाहेब पेशव्यांनी. प्लासी त्याच्या पुढच्या वर्षी झाली. त्या पुतळ्यासमोर फार वेळ उभं राहवेना.

मुक्काम एका जुन्या खाणावळीच्या माडीवर होता. जमीन इतकी उतरती की पाण्याची बाटली टेबलावरून दोनदा घरंगळली. हीटर रात्री अकराला बंद झाला तो सकाळपर्यंत. एवढे पैसे मोजून मी कोट घालून झोपलो आणि उजाडताच बाहेर पडलो.

गिरणी गावाच्या उत्तरेला, डिदरिंग्टनला. पाच मजली, विटांची, आणि लांबून अगदी साधी दिसते. 1797 मध्ये ती उभी राहिली तेव्हा इथे फ्लॅक्सचं, म्हणजे लिननचं सूत काढायचे. फ्लॅक्स म्हणजे आपलं जवस. ज्याच्या बियांची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्याच उंच वाढणाऱ्या वाणाच्या दांड्यातून हा धागा निघतो. त्याची धूळ चटकन पेटते. लाकडी तुळया, तेलानं भिजलेल्या फळ्या, कंदिलांचा उजेड... अशा गिरण्या एका रात्रीत राख व्हायच्या. याच मालकांची लीड्समधली एक गिरणी 1796 मध्ये जळाली होती. म्हणून त्यांनी श्रूजबरीत लाकूड हद्दपार केलं. चार्ल्स बेज नावाच्या माणसानं खांबही बिडाचे केले आणि तुळयाही. त्याआधी डर्बीला विल्यम स्ट्रटनं खांब बिडाचे घातले होते, पण तुळया लाकडीच ठेवल्या होत्या.

बेज दारूचा व्यापारी होता, जोडीला जमीन मोजणीचं काम करायचा. अशा माणसानं स्ट्रटला पत्रं लिहून तुळईच्या ताकदीची गणितं मांडली, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आत गेलो आणि पहिल्याच खांबाला हात लावला. अधिकच्या चिन्हासारखा छेद, खाली-वर बारीक आणि मध्ये फुगीर. उभा खांब दाबाखाली मध्येच वाकतो, म्हणून मध्ये जास्त धातू. कडेवरून बोट फिरवलं तर रंगाच्या थरांखाली एक बारीक उंचवटा लागला. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. आमच्याकडे अशी रेघ फेटलर ग्राइंडरनं घासून टाकतो. इथे ती ज्यानं ठेवली तो कामगार विल्यम हेझलडाइनच्या फाउंड्रीतला असणार, कारण हे ओतकाम याच गावातल्या त्या फाउंड्रीत झालं. वर तुळयांच्या पायावरून विटांच्या कमानी उचललेल्या आहेत. कमानींचा रेटा बाहेर जाऊ नये म्हणून घडीव लोखंडाच्या सळया ओढून बसवल्या आहेत. ताण घडीवला, दाब बिडाला. मिस्त्री डोळ्यांसमोर आले.

पुढे इथे माल्ट बनू लागला, बहुतेक खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या, 1987 मध्ये तेही थांबलं. इमारत कित्येक वर्षं मोडकळीस आलेली होती. 'हिस्टॉरिक इंग्लंड'नं ती सावरून 2022 मध्ये लोकांसाठी उघडली.

मार्गदर्शक भराभर पुढे सरकत होता. प्रत्येक मजल्यावर एकच वाक्य : ही गगनचुंबी इमारतींची आजी. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी त्याला थांबवलं. इतिहासकारांचंच वाक्य आहे, असं तो म्हणाला. असेल. स्केम्प्टन आणि जॉन्सन यांनी 1962 मध्ये या पहिल्या लोखंडी सांगाड्यांची वंशावळ मांडली. मृदा यांत्रिकी शिकलेला प्रत्येक सिव्हिल इंजिनिअर स्केम्प्टनचं नाव जाणतो, त्यांच्या कामापुढे मी कोण? पण ही उपमा मला पटत नाही. गगनचुंबी इमारतीत भिंत काही पेलत नाही, सांगाडा भिंतीला पेलतो. इथे आतला भार बिडावर आहे, पण तुळयांची बाहेरची टोकं विटांच्या भिंतीत आहेत आणि त्या भिंती भार घेतात. आग हरवणं हा बेजचा पराक्रम होता. तो पुरेसा मोठा आहे, त्याला उंच नात गळ्यात बांधायची गरज नाही.

आणि बाहेरचाही सांगाडा लोखंडाचा असलेली इमारत पाहायची तर काळा घोड्याला जावं. वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. 1860 च्या दशकात त्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजानं मुंबईला आणले, आराखडा रोलंड ऑर्डिशचा. लुमिएर बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच, 7 जुलै 1896 रोजी. मी मार्गदर्शकाला हे सांगितलं. तो पहिल्यांदाच थांबून ऐकू लागला. "आता कशी आहे ती?" त्यानं विचारलं. 2005 मध्ये सज्जे कोसळले, 2019 मध्ये रहिवाशांना बाहेर काढलं, हे सांगताना माझा आवाज उतरला.

दुपारचं किल्ल्याचं तिकीट मी वापरलंच नाही. गिरणीतच बसून राहिलो, खिडकीतलं ऊन एका खांबावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत.

सोमवारी मुंबईत उतरलो. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची होती. सामान सीएसएमटीला ठेवलं आणि काळा घोड्यापर्यंत चालत गेलो. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मी मजल्यामजल्याचे खांब खालपासून मोजायला लागलो. गंजाचे ओघळ होते, सज्जे तुटलेले होते. खांब सरळ उभे होते.