धक्क्यापर्यंतचं भाडं

2 जानेवारी 2025, गुरुवार

पुण्याहून लेकीचा फोन. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून तिनं आणि जावयांनी परस्पर बोटीची तिकिटं काढलीत. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, 7 फेब्रुवारीला बॅलार्ड पिअरहून. ही फोनवर हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी विचारलं, "सुटायची वेळ?"

जावई म्हणाले, गाडी पाठवतो, समृद्धीवरून झटक्यात पोचाल. मी नको म्हटलं. भाड्याची गाडी किलोमीटरला तेरा रुपये, जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर, वर टोल, ड्रायव्हरचा भत्ता. बारा हजारांना मरण नाही. "बोट तुमची, धक्क्यापर्यंतचं भाडं माझं," असं सांगून टाकलं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. लोकांना पोचवायचे पैसे घेतले, आता स्वतःला पोचवायचे लेकीकडून घेऊ?

5 जानेवारी, रविवार

जुन्या वेबिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

जालन्याहून वंदे भारत आहे, दुपारच्या आत मुंबई. पण ती पहाटे पाचला सुटते. आमच्या जांब गावाहून त्या वेळेला जालन्यात पोचायचं तर एक तर आदल्या रात्री लॉजवर मुक्काम, नाही तर तीनला जीप. म्हणजे तिकिटापेक्षा तिकिटापर्यंत पोचणं महाग. खाजगी ट्रॅव्हल्स रात्रीची आहे. झोपून जाता येतं, पण शुक्रवार-शनिवार आला की तिचा दर घटकेघटकेला बदलतो. ज्या तिकिटावर दर छापलेला नसतो त्याला मी आयुष्यभर तिकीट मानलं नाही.

एसटीच्या लालपरीचं सगळ्यात स्वस्त. माझ्या निवृत्तीच्या पासाचे महिने पंढरपूर-तुळजापूर-शेगावात संपले, तरी आम्ही दोघंही आता अर्ध्या तिकिटाचे: मार्च 2023 पासून ही बाई म्हणून, आणि पासष्टी ओलांडल्यापासून मी म्हातारा म्हणून. दोघं मिळून एक पूर्ण माणूस. पण रात्रभर बसून चारशे-साडेचारशे किलोमीटर हिच्या गुडघ्यांना झेपायचं नाही.

राहिली देवगिरी एक्सप्रेस. संध्याकाळ टळल्यावर परतूरला येते, सकाळी मुंबईत सोडते. पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, स्लीपरला माणशी तीनशेच्या आत. झोपायला जागा, आणि लॉजची रात्र वाचते ती वेगळीच.

कागदाकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. नोकरीत मी कायम मधल्या टप्प्यांचाच हिशेब केला. खेडेगावच्या माणसाचा पैसा दोन टोकांना जातो, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते मुक्काम. मधला महाराष्ट्र तीनशे रुपयांत ओलांडता येतो.

7 जानेवारी, मंगळवार

परतूरच्या खिडकीवर जाऊन रिझर्वेशन केलं. पुतण्या म्हणत होता मोबाइलवर काढतो. मला शिक्का-कागद हातात लागतो. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये, कोरोनात, बंद झाली ती झालीच. पूर्वी पुरुषाला चाळीस आणि बाईला पन्नास टक्के सूट असे. आता वयाचा फायदा एवढाच, की खालचा बर्थ मिळण्याचा संभव असतो. हिला लोअर मिळाला, मला साइड अप्पर.

तिकीट 5 तारखेचं काढलं, 6 चं नाही. खिडकीमागे उभा असलेला एकजण म्हणाला, "बोट 7 ची ना? 6 ला रात्री बसा, 7 ला सकाळी पोचता." पोचतो की. पण गाडी चार तास लेट झाली, तर? माझ्या गाडीमागे बाई पदर खोचून पळताना दिसली की मी सिंगल बेल मारून थांबवायचो. बोटीला कंडक्टर नसतो. दारं लावायची तिची वेळ सुटण्याच्या कितीतरी आधीची असते, असं लेकीनं कागद वाचून सांगितलं. ऐंशी हजारांची बोट वाचवायची तर एक दिवस खर्ची टाकावा, आणि तो दिवस फुकट काढता यावा म्हणून डोंबिवलीचा भाचा.

परतीचं 10 तारखेचं मात्र वेटिंग. 31 आणि 32. प्रयागचा कुंभ आहे, मनमाडच्या पुढं सगळ्या गाड्या भरलेल्या.

25 जानेवारी, शनिवार

एसटीची भाडेवाढ झाली, 14.95 टक्के. सहा किलोमीटरचा टप्पा 8 रुपये 70 पैशांचा होता, तो 10 रुपये 5 पैसे झाला. त्याच सुमारास मुंबईची रिक्षा-टॅक्सीही वाढली, ती 1 फेब्रुवारीपासून. माझा कागद खोडावा लागला. ही म्हणाली, "अहो, दोन टप्प्यांचं दुःख किती दिवस करणार?" सवय आहे. पूर्वी भाडेवाढीच्या रात्री आम्ही नव्या दराचे तक्ते पाठ करत बसायचो, सकाळी पहिलं भांडण सुट्ट्या पैशांवरून ठरलेलं.

29 जानेवारी, बुधवार, अमावस्या

संध्याकाळी राममंदिरात टेकलो. आमच्या पंचक्रोशीत समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, तेव्हा बोटीची बातमी गावभर झालेली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बोटीचं नाव काय?" सांगितलं, एम्प्रेस. "बरं झालं. रामदास नाही ना?"

सगळे गप्प झाले. समर्थ रामदासांच्या जन्मगावात हे नाव त्या अर्थानं कुणी घेत नाही. 17 जुलै 1947 ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काश्याच्या खडकाजवळ लाटेनं कलंडली. आषाढ अमावस्येचा सुमार, सणाला घरी निघालेली माणसं. सहाशेंहून जास्त गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. कोकणी प्रवाशांना परक्या कंपन्यांचा जाच नको म्हणून आपल्याच माणसांनी सहकारातून काढलेल्या कंपनीची ती बोट. लोक त्या कंपनीला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि कंपनी बोटींना संतांची नावं देई. 'तुकाराम' आणि 'जयंती' त्याआधीच, 1927 साली, वादळात गेल्या होत्या.

मी म्हातारबाबांना म्हणालो, ती पावसाळ्यातली गोष्ट, तेव्हा बोटीवर वायरलेससुद्धा नव्हतं; ही अकरा मजली आहे. ते म्हणाले, "अकरा मजले बुडायला वेळ लागत असंल." घरी येऊन हे हिला सांगितलं नाही. रात्री अकराला हीच म्हणाली, "मला मंदिरातल्या बायकांनी सांगितलंय."

4 फेब्रुवारी, मंगळवार

बॅग दोन, पिशवी एक. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाच्यासाठी मोसंबी. लेकीनं बजावलं आहे की बाहेरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत, तेव्हा धपाटे धक्क्याच्या अलीकडे संपले पाहिजेत. आधार कार्डाच्या झेरॉक्स चार ठिकाणी ठेवल्या. हिनं एक ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवली, "बुडाले तर ओळख पटंल" म्हणून. गंमतीनंच म्हणाली असेल.

5 फेब्रुवारी, बुधवार. परतूर स्टेशन, रात्री

गाडी रात्रीची, निघालो साडेतीनच्या एसटीनं. शेजारी हसले, पाच तास फलाटावर काय करणार?

कुंभार पिंपळगाव सोडून थोडं पुढं आलो आणि रस्ता बंद. उसाची डबल ट्रॉली आडवी पडलेली, मोळ्या रस्ताभर, ट्रॅक्टरवाला डोक्याला हात लावून धुऱ्यावर बसलेला. ह्या दिवसांत आमच्याकडं हे रोजचंच. मागं-पुढं वाहनांची रांग. कंडक्टर पोरगा बावीस-तेवीसचा, खाली उतरून फोनवर बोलत होता. पाऊण तास गेला. मग ठरवलं. दोन्ही बॅगा मी, पिशवी ही, उसावरून पाय देत पलीकडे. हिच्या साडीत वाढ्याचं पातं अडकून ती टरकन फाटली. पलीकडे अडकलेला एक टमटमवाला परत फिरायच्या बेतात होता, दोघांचे शंभर म्हणाला. मी ऐंशी म्हणणार होतो, हिनं डोळे वटारले.

पोरगा मागून ओरडला, "बाबा, तिकिटाचे पैसे?" मी हात हलवला. चूक त्याची नाही, महामंडळाची नाही, उसाची आहे. फलाटावर आलो तेव्हा गाडीला तास राहिला होता. पाच तासांतले चार असे खर्ची पडले. हिनं पहिला धपाटा काढला.

6 फेब्रुवारी, गुरुवार. डोंबिवली

साइड अप्परवर माणसानं उपडं झोपावं की उताणं, हे मला कळलं नाही. मनमाडला प्रयागहून उतरलेली मंडळी चढली. बाटल्यांतून गंगेचं पाणी, डोक्यावर गाठोडी, दोन बर्थांमध्ये सात माणसं. तिकीट नाही म्हणून कुणी त्यांना उठवेना, टीसीही बघून न बघितल्यासारखा गेला. मी त्याच्या जागी असतो तर? मीही गेलो असतो.

नाशिकरोडला जाग आली. खिडकीत थंडी. बारा वर्षांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, आसनगावच्या बोहल्यावरून पळाला तो इथं टाकळीला आला, पायी. पुढं बारा वर्षं तप आणि बारा वर्षं हिंदुस्थानभर चालणं. जांब-नाशिक, भाडं शून्य, किती टप्पे झाले असतील ते मी पडल्या पडल्या मोजायला लागलो आणि कसारा कधी आला कळलं नाही.

पहाटे कल्याणला उतरलो, तिथून लोकलनं डोंबिवली. भाच्याची दोन खोल्यांची जागा, त्यात चौघं, आम्ही सहा झालो. हिनं आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, भाचेसुनेला सुट्टी. लॉजचे दोन हजार वाचले, असं मी मनात म्हणालो. सून काय म्हणाली असेल मनात ते तिला ठाऊक.

भाच्याचा सासरा गोदीत कारकून होता, संध्याकाळी भेटायला आला. त्यानं एक सांगितलं ते टिपून ठेवतो. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल, विलायतेची टपालबोट लागली की थेट बॅलार्ड पिअरवरच्या मोल स्टेशनातून सुटायची. उतारूनं बोटीतून उतरायचं, चार पावलं चालायचं, गाडीत बसायचं, ते पेशावरपर्यंत. साहेबासाठी रूळ पाण्यापर्यंत नेले होते. म्हणजे दोन टोकांचं दुःख त्यांना कळत होतं, फक्त स्वतःचं.

7 फेब्रुवारी, शुक्रवार. मुंबई

गर्दी ओसरल्यावर, साडेदहाची लोकल. डोंबिवली ते सीएसएमटी पंधरा रुपये. एवढ्या पैशात आमच्याकडं दोन टप्पेसुद्धा होत नाहीत.

बाहेर टॅक्सी. नव्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये; बॅलार्ड पिअर त्याच्याच आसपास. म्हणूनच कुणी येईना. पहिला मान हलवून गेला, दुसरा दोनशे म्हणाला. मी म्हटलं, चल, चालू. जीपीओचा घुमट डावीकडं ठेवून वालचंद हिराचंद मार्गानं. हा सोलापूरचा माणूस. त्याच्याही गावाला समुद्र नव्हता आणि त्यानं आगबोटींची कंपनी चालवली. हिचा गुडघा त्या पाटीखालीच बोलला. एक म्हातारा टॅक्सीवाला आपणहून थांबला, मीटर बदललेला नव्हता म्हणून कार्ड दाखवलं, 31. मी पन्नासची नोट दिली आणि उरलेले मागितले नाहीत. हिनं ते बरोबर पाहिलं.

ग्रीन गेटपाशी रांग. आमच्या पुढं एक कुटुंब, चाकाच्या बॅगा, कुठून तरी विमानानं आलेलं. त्यांच्यातला गृहस्थ कुरकुरत होता, विमानतळापासून इथवर टॅक्सीलाच आठशे गेले. मी खिशातला कागद काढून बेरीज केली. एसटी, टमटम, देवगिरी, लोकल, टॅक्सी, मधले चहा धरून दोघांचे 871. जांबपासून. मोसंबी घरची, धरली नाही. फाटलेली साडी धरायची का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

बॅगा मशीनमधून गेल्या. शिपायानं पिशवीतला डबा उघडला, त्यात एक धपाटा उरला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. ही म्हणाली, "दादा, खाता का?" त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि अर्धा मोडून घेतला; उरलेला अर्धा आम्ही दोघांनी उभ्या उभ्या संपवला.

संध्याकाळी भोंगा वाजला, एकच, लांबलचक. माझा हात सवयीनं वर दोरीकडं गेला. धक्का हळूहळू मागं सरकत होता, हिनं रेलिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. रेंज जायच्या आत पुतण्याला फोन करून पीएनआर तपासायला सांगितला. परतीचं वेटिंग 31-32 वरून 9-10 वर आलंय.