तिरकी करून किक

सध्या पोस्टिंग जयपूरला. सुट्टीच्या दिवशी चारदीवारीत, म्हणजे सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेल्या जुन्या शहरात, पायी भटकतो. तिथल्या एका गल्लीत जुन्या स्कूटर दुरुस्त करणारे एक उस्ताद आहेत. त्यांच्यापुढे बहुतेक वेळा चेतक उघडलेली असते. घोडा मेवाडचा, स्कूटर आमच्या आकुर्डीची!

ही स्कूटर थंडीत तिरकी करून किक मारायची, हे आपल्या पिढीला सांगायला नको. कारण कार्ब्युरेटरमध्ये आहे. त्याच्या छोट्या वाटीत पेट्रोल साठतं. फ्लोट त्याची पातळी राखतो. इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचलं जाऊन त्याचे तुषार होतात. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्त द्यावं लागतं. चोक त्यासाठी हवा अडवतो. तिरकी स्कूटर वाटीतलं पेट्रोल गळ्यात सांडते.

१८९३च्या सुमारास जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी हे तुषारांचं तंत्र बसवलं. ना वीज, ना सेन्सर.

त्याची मर्यादा लडाखमध्ये कळते. जयपूरची उंची सुमारे ४३० मीटर, लेहची ३५००. तिथे हवा विरळ, जेटचं भोक मात्र तेवढंच. मग पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो, चढावर गाडीला दम लागतो. जवान काही दिवसांच्या विश्रांतीनंतर उंचीशी जुळवून घेतो. कार्ब्युरेटर सहा महिने ठेवला तरी जुळवून घेत नाही. लहान जेट माणसालाच बसवावा लागतो. आमच्या जुन्या जिप्सींचा ईएमईचा हवालदार प्लगवरची काजळी बघून निदान करायचा. आजारी जवानाला वेळेत खाली आणणं त्या नजरेवर अवलंबून असे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींत इंजेक्शन. आता हवेचा अंदाज सेन्सर घेतो. धूर घटला, चांगलंच झालं. पण उस्तादांकडे शिकायला कुणी येत नाही. "नया लड़का मशीन माँगता है, साब. कान कौन लगाए?" ते म्हणाले.

घरी जुनी स्कूटर असेल तर महिनोन्‌महिने उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. नाहीतर पेट्रोल सुकून जेट बुजतो, आणि तो साफ करणारा हात शोधावा लागतो.