रेघांची जाडी

कलाशाखेच्या वार्षिकात मिलिमीटरचे काय काम, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. आपल्याकडे पावसावर लिहावे, आईवर लिहावे, फार तर वेरूळच्या सहलीवर लिहावे, अशी रीत आहे. पण गेली दीड वर्षे माझ्या संध्याकाळी ०.१८ आणि ०.५० मिलिमीटर यांच्या मधल्या जागेत जात आहेत, आणि त्या जागेत जे दिसले ते पावसाइतकेच सांगण्याजोगे आहे असे मला वाटते.

औरंगपुऱ्यालगतच्या एका दुकानात मी संध्याकाळी काम करते. बाहेर पाटी झेरॉक्सची आहे. आत मात्र तीन फूट रुंदीचा कागदाचा रोल बसणारे प्लॉटर यंत्र आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात जी घरे, जे गाळे आणि ज्या शेडी उभ्या राहतात, त्यांतल्या काहींचे नकाशे आधी या यंत्रातून बाहेर पडतात. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, तरुणपणी अमोनियाच्या यंत्रावर होते. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेला नकाशा मसाला लावलेल्या कागदावर ठेवायचा, उजेड द्यायचा, मग अमोनियाच्या वाफेतून काढायचा, की निळ्या रेघा उमटत. काका सांगतात, त्या वासाने डोळ्यांना धार लागे. उजेड जरा जास्त झाला की बारीक रेघ उडून जाई, म्हणून ड्राफ्ट्समन मंडळी रेघेला फार जपत. प्रत्येक जाडीला वेगळे पेन. भिंत काढून झाली की ते पेन खाली ठेवायचे, दुसरे उचलायचे, मग मापाची रेघ. म्हणजे प्रत्येक रेघ काढण्याआधी ती किती महत्त्वाची आहे याचा निर्णय हाताला घ्यावाच लागे.

नकाशात भिंत जाड का असते, हे मला दुकानात येईपर्यंत ठाऊक नव्हते. नकाशा म्हणजे घर वरून पाहिलेले, अशी माझी समजूत होती. तसे पाहिले तर गच्चीच दिसेल! नकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर घरातून आडवी करवत फिरवली, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, आणि मग खाली पाहिले. करवतीने जे कापले गेले, म्हणजे भिंती आणि कॉलम, ते सर्वांत जाड. कापले न जाता खाली दिसते ते, म्हणजे ओटा, पायऱ्या, खिडकीची बैठक, मध्यम. मापाच्या रेघा बारीक, फरशीची जाळी त्याहून बारीक. आणि करवतीच्या वर जे राहिले, म्हणजे डोक्यावरचा बीम, माळा, छज्जा, ते तुटक रेघेने. कारण ते तिथे आहे, पण पायाखाली नाही. भारतीय मानक ब्यूरोची एस.पी. ४६ ही शाळा-महाविद्यालयांसाठीची पुस्तिका आहे; तिच्यात जाड रेघ बारीक रेघेच्या निदान दुप्पट असावी असा दंडक आहे. एवढी साधी बाराखडी. ती मला दुकानात कळली. माझ्या वडिलांना ती माझ्या जन्माआधीपासून येत होती.

अण्णा गवंडीकाम करतात. चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी आकडे वाचतात, अक्षरे बहुतेक नाही. ‘डी’ म्हणजे दार हे त्यांना फार सोयीचे वाटते. ‘डब्ल्यू’चे खिडकीशी काय नाते ते त्यांना आजवर पटलेले नाही. पण नकाशा हातात घेतला की तो उलटा-सुलटा न करता ते थेट फक्की टाकायला लागतात. कसे वाचता, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “जाड दिसली का ईट लावायची, बारीक दिसली का टेप लावायचा.”

आता संगणकाकडे येते. ऑटोकॅड १९८२ साली निघाले. त्या काळच्या प्लॉटरमध्ये खरोखरची पेने असत, आणि कोणत्या रेघेला कोणते पेन उचलायचे हे यंत्राला रंगावरून सांगितले जाई. लाल म्हणजे एक नंबरचे पेन, पिवळा म्हणजे दोन नंबरचे, असे. पडद्यावरचा रंग हा रंग नव्हेच. ती जाडीची खूण होती. पुढे पेने गेली, शाईचे फवारे आले. १९९९ साली आलेल्या ऑटोकॅड २००० मध्ये रेघेला स्वतःची जाडी देण्याची सोय झाली. तरीही आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी फायली अजून रंगाचीच भाषा बोलतात. जुनी सवय आणि जुना संसार, दोन्ही लवकर मोडत नाहीत.

आणि या भाषेला व्याकरणाचे पुस्तक एकच नाही. एका कार्यालयात लाल म्हणजे बारीक, दुसऱ्यात लाल म्हणजे भिंत. कोणत्या रंगाला किती जाडी याचा तक्ता वेगळ्या फाईलमध्ये असतो. तिला सीटीबी म्हणतात. नकाशासोबत ती पाठवली पाहिजे. ती पाठवत नाहीत. मग दुकानदार काय करतो? ‘मोनोक्रोम’ नावाचा तयार तक्ता लावतो. त्याने सगळे रंग काळे होतात, आणि रेघेला तिची स्वतःची जाडी मिळते. पण रंगाच्या भरवशावर काढलेल्या रेघेला स्वतःची जाडी कोणी दिलेलीच नसते. मग तिला मिळते ठरीव ०.२५. भिंतीला ०.२५, फरशीला ०.२५, मापाला ०.२५. कागद मोठा सुबक दिसतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. तक्ता मुळीच लावला नाही तर आणखी मौज: काळ्या पडद्यावर जो पिवळा सर्वांत ठसठशीत चमकतो, तो पांढऱ्या कागदावर जवळजवळ नाहीसा होतो. पडद्यावर बसून नकाशा काढणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याला कागदाशी काही करायचेच नसते. कागद उन्हात दुसऱ्याच्या हातात असतो.

मी दुकानात लागले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सातारा परिसरात एका बंगल्याचे काम अण्णांकडे होते. नकाशाची प्रिंट साइटवर आली ती लहान ए-थ्री कागदावर. आमच्या दुकानातली नव्हती, कोणा कार्यालयातल्या छोट्या यंत्रावर काढलेली होती. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये वरून एक नऊ इंची बीम जात होता. बीम दाखवायचा तर नऊ इंचांच्या अंतराने दोन समांतर रेघा, पण तुटक. त्या प्रिंटमध्ये तुटक रेघेचे प्रमाण बिघडून ती सलग झाली होती, आणि जाडी भिंतीएवढीच. नऊ इंचांच्या अंतराने दोन सलग समांतर रेघा म्हणजे काय? भिंत. अण्णांना शंका आली, कारण त्या भिंतीत दारच नव्हते. हॉलमधून जेवायला जायचे कुठून? त्यांनी फोन केला. पलीकडून उत्तर आले, ‘ड्रॉइंगप्रमाणे करा.’ ड्रॉइंगप्रमाणे दोन थर चढले. दुसऱ्या दिवशी साहेब आले, थर पाडायला लावले, अण्णांची आणि दोघा बिगाऱ्यांची त्या दिवसाची मजुरी कापली, आणि सर्वांसमोर म्हणाले, “मिस्त्री, नकाशा वाचता येत नाही का?”

अण्णांनी घरी येऊन मजुरीचे सांगितले. हे वाक्य सांगितले नाही. ते मला त्यांच्यासोबतच्या बिगाऱ्याच्या मुलीकडून कळले. मजुरी पुढे कधीच मिळाली नाही, बिगाऱ्यांची अण्णांनी खिशातून दिली. मला राहून राहून वाटते, की त्या साइटवर नकाशा वाचणारा तो एकटाच माणूस होता. बाकीचे नावे वाचत होते.

तो कागद घरात बरेच दिवस पिठाच्या डब्याखाली होता. दुकानात शिकल्यावर मी तो काढून पाहिला, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मूळ नकाशा ए-वन कागदासाठी, शंभरास एक या प्रमाणात केलेला होता. ए-थ्रीच्या बाजू ए-वनच्या बरोबर निम्म्या. नकाशा निम्मा झाला की रेघाही निम्म्या व्हायला हव्यात. त्यासाठी यंत्राला एका खिडकीत खूण करून सांगावे लागते. नाही सांगितले तर घर लहान होते आणि रेघा मात्र जुन्याच अंगाच्या राहतात. हिशेब करून पाहा. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरची भिंत ए-वनवर २.३ मिलिमीटर, ए-थ्रीवर १.१५. साडेचार इंची पडदी ए-थ्रीवर जेमतेम ०.५७. आता दोन्ही बाजूंना ०.७० ची रेघ दिली, की नऊ इंची भिंतीच्या पोटात थोडी पांढरी फट उरते, पण पडदीच्या दोन रेघा एकमेकींवर चढून एक घट्ट काळा पट्टा होतो. म्हणजे घरातली सर्वांत नाजूक भिंत कागदावर सर्वांत भक्कम! अण्णांच्या त्या कागदावर असे दोन पट्टे होते. तिथे ते फसले नाहीत, कारण मापाचे आकडे त्यांना वाचता येतात.

या रेघांच्या जाड्या कशाही ठरवलेल्या नाहीत, हे कळले तेव्हा मला गणिताचा राग थोडा कमी झाला. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५०, ०.७०: प्रत्येक आधीच्याच्या सुमारे १.४१४ पट, म्हणजे दोनाचे वर्गमूळ. ए-फोर, ए-थ्री, ए-टू या कागदांच्या बाजूही याच पटीने वाढतात. कागद एक पायरी लहान केला की रेघही बरोबर एक पायरी उतरते आणि पुन्हा मालिकेतल्याच जागी येऊन बसते. ज्याने हे जुळवले त्याला रागदारी येत असावी. मालिकेच्या बाहेर एक शून्य जाडीही आहे. शून्य म्हणजे रेघ नाही असे नव्हे. शून्य म्हणजे त्या यंत्राला काढता येईल तेवढी बारीक. आमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला मी हे उदाहरण दिले, तेव्हा मॅडम हसल्या, पण फळ्यावर लिहिले नाही.

अजिंठ्याची सहल या दिवसांतच झाली. चित्रकारांनी आधी गेरूने रूपरेषा काढली, रंग भरले, आणि रंगाखाली गेलेली रेघ शेवटी पुन्हा गडद काढली, असे सरांनी सांगितले. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे मंद उजेडात उभी असताना मी दुकानाच्याच डोळ्यांनी पाहत होते. तिथली रेघ एकाच फटकाऱ्यात बारीक निघून मध्ये भरते आणि पुन्हा निमुळती होते; खांद्याची गोलाई त्या भरण्यातच आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येथे नकला करीत होते. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनला आगीत गेल्या. नक्कल करणाऱ्या त्या मुलांना ती रेघ किती छळली असेल! आमच्या प्लॉटरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच. तिला स्वतःची गोलाई नाही. तिला जो काही अर्थ आहे तो शेजारणीमुळे. शेजारी ०.१८ नसेल तर ०.५० ला कोणी जाड म्हणणार नाही.

सध्या दुकानात मी एक वही ठेवली आहे. कोणत्या कार्यालयाचा कोणता रंग किती जाड, हे फोन करून विचारते आणि लिहून ठेवते. काही जण कंटाळतात. ‘नेहमीसारखे काढा’ म्हणतात. नेहमीसारखे म्हणजे कोणाच्या नेहमीसारखे, हे मी पुन्हा विचारते. काकांची आधी तक्रार होती की एका प्रिंटला दहा मिनिटे लावतेस. आता ते स्वतःच गिऱ्हाइकाकडे तक्ता मागतात. वहीत आजवर एकवीस कार्यालये झाली, आणि त्यांत हिरव्या रंगाचे पाच अर्थ निघाले.

अण्णांच्या आताच्या साइटचे नकाशे आमच्याकडून जातात. तेथील इंजिनिअर तरुण आहेत. तक्ता न चुकता पाठवतात. प्रिंट निघाली की अण्णांची तपासणी ठरलेली आहे. कागद हातभर लांब धरायचा आणि डोळे बारीक करायचे. त्यात जे उरेल ते घर, बाकीचे नंतर. भिंती उरतात, कॉलम उरतात, बीम तुटक दिसतो. जिन्याच्या पायऱ्या मात्र त्यांना फिक्या वाटतात. ०.१८ च्या मी इंजिनिअरांना विचारून ०.२५ केल्या. अण्णा ०.३५ मागतात. ०.३५ केल्या तर पायऱ्या आणि कठडा एकच होऊन बसतात, हे मी त्यांना कागद काढून दाखवले. त्यांनी कागद लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “मंग कठडा जाड कर.” कठडा जाड केला तर तो भिंतीला भिडतो. आमचे अजून चालू आहे.